चौकटीला आलेलं पोट

"चौकटीला पोट आलंय!" फरशीवाला कडाडला. स्वतःच्याच घरातल्या नव्या बाथरूमसमोर तो उभा होता, सवयीप्रमाणे डावा डोळा मिटून, उजव्यानं नेम धरून. जन्मभर त्यानं भिंती अशाच तपासल्या होत्या.

चौकट बसवणारा सुतार म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. त्यानं मुकाट्यानं ओळंबा लावला.

"बघा भाऊजी. दोरी आणि लाकूड, मधे केस जाणार नाही."

"दोरीलाच पोट आलंय!"

"वजन बांधून लटकवलेल्या दोरीला? तिनं काय खाल्लं एवढं?"

"मला शिकवतोस? तू चड्डी सावरत फिरायचास तेव्हापासून फरश्या बसवतोय मी!"

सुताराचं डोकं फिरलं. त्यानं पटाशी काढली आणि चौकट मधोमध तासत सुटला. भाऊजींचं आपलं "अजून, अजून" चालूच. ढलप्यांचा ढीग पडला तेव्हा म्हणाले, "आत्ता कशी सरळ झाली!"

सुतारानं हत्यारं पिशवीत कोंबली. "ताई, यांचे डोळे तपासून आण. तोवर दार नाही आणि मीही नाही!"

मग काय, दाराऐवजी चादर. दोनदा वाऱ्यानं उडाल्यावर बायकोनं नवऱ्याला दंडाला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

"काका, हनुवटी इथं टेका. हिरव्या फुलीकडे बघा," मशीनवर डोळ्यांच्या आतला फोटो काढणारी मुलगी म्हणाली.

"फुली वाकडी आहे. आधी मशीन नीट करा!"

"सरळच आहे, काका."

"म्हणजे मी खोटारडा?"

तिनं उजवा डोळा उरकला, डावा घेतला.

"हां! केलीत ना सरळ? ओरडल्याशिवाय कामंच होत नाहीत!"

पडद्यावर काळे-पांढरे थर उमटले. फरशीवाला तिथंही भडकला. "हे कुणी बसवलंय? मधली ओळ उखडलीय, वरच्या थराला पोट आलंय! माझ्याकडच्या माणसानं असं केलं असतं तर हाकलून दिला असता!"

"काका, हा तुमचा उजवा डोळा. ती ओळ म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशी. मधेच झिजल्यात. डावा ठणठणीत आहे, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

फरशीवाला गप्प झाला. बायकोला ते लग्नानंतर पहिल्यांदाच दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, इंजेक्शनं घेऊ, जपता येईल.

घरी आले तर दार बसवलेलं. बायकोनं वाटेतूनच भावाला फोन केला होता. फरशीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा उजवा डोळा मिटून डाव्यानं पाहिलं. दार आणि चौकटीमधे चार बोटं जातील एवढी फट!

सुतार हाताची घडी घालून उभा होता. "बोला भाऊजी. कसं दिसतंय?"

माफी मागायची? आणि तीही मेहुण्याची? फरशीवाल्यानं हळूच डोळा बदलला.

"छान! एकदम सरळ."

टॉवेल ओढून तो तरातरा आत गेला, धाडकन दार लावलं. पुढच्याच क्षणाला आतून गर्जना आली.

"कुणी इकडं बघू नका! आणि तू रे, पट्टी ठोकल्याशिवाय घरी जायचं नाही!"