टबाला गोधडी

टब बसवून आठ दिवस झाले होते आणि धोंडाबाईंनी अजून त्यात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता.

"आई, आज तरी बसून बघा ना," तेजल म्हणाली. तिच्या कडेवर आठ महिन्यांची आरोही होती आणि आरोहीच्या मुठीत तेजलच्या वेणीचं टोक होतं.

संध्याकाळचे सात वाजले होते. धोंडाबाईंनी टबाचं झाकण उचललं, आत हात घातला आणि काढला. "कोमट हे. याच्यात विरजण बी लागायचं नाय."

संतोषने टबाच्या बाजूच्या पडद्यावरचा आकडा वाचला. एकोणतीस. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं होतं सदतीस-अडतीस. त्याने खिशातून डायरी काढून आकडा लिहिला आणि मान हलवली. तो अंबडच्या एका कारखान्यात तयार माल मापून पास-नापास करायचा. घरात आलेली वस्तू नापास होते म्हणजे काय, हे त्याला सहन होत नव्हतं.

धोंडाबाई कळवणहून आल्या होत्या त्या आरोहीच्या जन्माच्या आधी चार दिवस. तेव्हापासून नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या या रो-हाऊसमध्ये तेजलला डिंकाचे लाडू, आरोहीला तेल आणि संतोषला धाक, सगळं त्यांच्याच हातून मिळत होतं. पण दिवाळीनंतर त्या गप्प गप्प राहू लागल्या. धुण्याला मशीन, भांड्याला बाई, दळणाला दारात येणारा माणूस. आरोही झोपली की त्या मागच्या दहा बाय बाराच्या अंगणात दोन वाफे मेथी लावून तिच्याकडे बघत बसायच्या. मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "गुडघे दुखू राहिले. येत्या महिन्यात दुसऱ्या रविवारी कळवणहून धाकला वाल्मीक गाडी घेऊन येईल. मी जाते."

दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी तेजलची रजा संपत होती.

तिने पाळणाघरं पाहून ठेवली होती. दोन. दोन्हींत बाळं शहाण्यासारखी ओळीने झोपलेली होती आणि ते पाहून तिला रस्त्यात रिक्षा थांबवून रडू आलं होतं. संतोषने मात्र प्रश्न वेगळ्या पद्धतीने हाताळला. गुडघे दुखतात म्हणून आई जाते. गुडघे थांबले की आई थांबेल. तीन आठवडे तो मोबाईलवर गरम पाण्याचे टब बघत होता. लाकडी टब देखणा, पण पावसाळ्यात फुगेल. फायबरचा टिकाऊ, पण बोळातून आत येईना. शेवटी हवा भरून उभा करायचा, जाड रबरी भिंतीचा, आठशे लिटरचा टब अंगणात आला आणि सोबत तो बसवायला मल्हारी आला.

मल्हारीने सगळं नीट समजावलं. थंडीत तासाला एखादी डिग्री वाढेल, त्यामुळे पाणी तापायला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल. निळ्या डब्यातली पावडर जंतूंसाठी, पांढऱ्या डब्यातली पाण्याचा आंबटपणा सांभाळायला. कागदी पट्टी बुडवायची, पंधरा मोजायचे, रंग डब्यावरच्या रंगांशी जुळवायचा. तळाशी पाणी सोडायचा नळ. संतोष फोटो काढत होता, तेजल आरोहीच्या तोंडातून खडा काढत होती. ऐकत होत्या फक्त धोंडाबाई.

"आणि बघ आई," संतोष कौतुकाने म्हणाला, "एकदा भरलं की तीन महिने पाणी बदलायला नको!"

धोंडाबाईंनी तळाच्या नळाकडे एकदा वाकून पाहिलं.

दुसऱ्याच दिवसापासून डायरीत गोंधळ सुरू झाला. संध्याकाळी सातला एकोणतीस. रात्री दहाला बत्तीस. सकाळी सव्वासातला, कामावर निघताना, अठरा!

"रात्रभर मशीन चालू असून चौदा डिग्रीने उतरतं?" संतोष जेवणाचा डबा घेऊन दारात उभा राहून म्हणाला. "थंडी खाते सगळं."

"नाशिकची थंडी आहे," तेजल म्हणाली. तिला पहाटे चारला आरोहीने उठवलेलं असायचं आणि पाचला पुन्हा डोळा लागलेला असायचा. सकाळी सातला ती कशालाही हो म्हणाली असती.

थंडीवर उपाय म्हणून संतोषने कपाटाच्या वरून कळवणची गोधडी काढली आणि टबाला गुंडाळली.

"अरे, माझी गोधडी हौदाला?" धोंडाबाई ओरडल्या. "हे तर बाळापेक्षा लाडाचं झालं!"

गोधडीवर थर्माकोल आला. थर्माकोलवर जुनी सतरंजी. मागच्या दाराने आलेल्या माणसाला वाटलं असतं, इथं कुणीतरी आजारी आहे. तरी सकाळचा आकडा अठराच्या पुढे जाईना. आणि आता दुसरीच भानगड उघडकीला आली. रात्री निळी पावडर घालून पट्टी तपासली की गडद रंग यायचा. सकाळी तीच पट्टी पांढरीफटक. संतोषने पावडर दुप्पट केली. सकाळी पांढरीफटक.

त्याने मल्हारीला फोन लावला.

"सर, पावडर एका रात्रीत अशी उडत नाही," मल्हारी म्हणाला. "पाण्यात माणसं उतरली तरच संपते. कोणीतरी वापरतंय तुमचा टब."

त्या रात्री संतोषने झाकणाच्या पट्ट्यांमध्ये शिवणाचा दोरा ओवून ठेवला. सकाळी दोरा तुटलेला होता.

"गोटीराम काका," तो दात घासता घासता तेजलला म्हणाला.

"काहीही काय! सत्तरीचा माणूस कंपाउंड चढून येईल?"

"हल्ली किती टवटवीत दिसतात बघितलंस?"

संध्याकाळी भिंतीपलीकडे शेजारचे गोटीराम काका तुळशीला पाणी घालत होते. संतोषने घसा खाकरला. "काका, तब्येत छान दिसते हल्ली. पहाटे काही विशेष करता वाटतं?"

"मिशी काढली," काका म्हणाले. मग त्यांनी संतोषच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या खांद्यावरून गोधडीतल्या टबाकडे पाहिलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून त्यांच्याकडून येणारा पेपर बंद झाला.

या सगळ्यात धोंडाबाईंची मेथी पिवळी पडली. एका वाफ्याची पानं तर कडेने भाजल्यासारखी झाली. त्या उकिडव्या बसून एकेक रोप उपटत म्हणाल्या, "इथली मातीच धरत नाय. इथं माझं काय बी उगवायचं नाय, तेजल. मी जाते तेच बरं."

शुक्रवारी त्यांनी पिशवी भरायला घेतली. ती पाहून तेजल आरोहीला घेऊन आतल्या खोलीत गेली. आरोहीला नुकताच खालचा एक दात आला होता, तांदळाच्या कणीएवढा. तो पहिल्यांदा बोटाला लागला तेव्हा धोंडाबाईंनी चमचा वाजवून सगळ्यांना आवाज ऐकवला होता. वरचे दात येतील तेव्हा चमचा कोण वाजवणार?

"उद्या मल्हारी येतोय," संतोष म्हणाला. "पहाटे साडेपाचला. पुढे इगतपुरीच्या एका रिसॉर्टवर जायचंय त्याला. उद्या काय ते कळेलच."

बाळ उठू नये म्हणून मल्हारी शनिवारी बेल न वाजवता बाजूच्या बोळातून मागे गेला. आणि पाच मिनिटांनी, बाळ उठेल याची काही पर्वा न करता, ओरडला, "सर! मॅडम! लवकर या!"

संतोष बनियनवर धावला. मागोमाग शाल गुंडाळलेल्या आरोहीला घेऊन तेजल. अंगणात दिवा लागलेला होता. गोधडी नीट घडी करून दोरीवर टाकलेली. झाकण भिंतीला टेकवलेलं. टबातून भरपूर वाफ निघत होती, शेजारी दोन बादल्या वाफाळत होत्या, आणि धोंडाबाई पदर खोचून तळाच्या नळाला पाइप लावून पाटावर बसल्या होत्या. पाइपाचं दुसरं टोक मेथीच्या वाफ्यात होतं.

"आई, तू काय करतेस?"

"तू काय करू राहिला इतक्या लवकर?" धोंडाबाई म्हणाल्या. "शिळं पाणी काढते. पालिकेचं पाणी आलंय ना. आता ताजं भरीन."

"रोज?" मल्हारीने विचारलं.

"मग? घरात शिळं पाणी ठेवत्यात का? माठाचं काढते, पिंपाचं काढते, मग हौदाचंच का ठेवू? तीन महिने म्हणे!" त्यांनी संतोषकडे पाहिलं. "लोक नावं ठेवतील."

मल्हारीने पडद्यावरचा आकडा वाचला. "सर, चाळीस."

"चाळीस?" संतोषने डायरी शोधली, ती बनियनला खिसा नसल्यामुळे नव्हती. "आई, पाणी तापतं हे तुला माहीत होतं?"

"लय झकास तापतं! गोधडी घातल्यापासून तर हात बी घालवत नाय. बंबासारखं. दोन बादल्या काढते, गुडघ्यावर तांब्या तांब्या घेऊन आंघोळ करते, बाळाची दुपटी धुते, उरलेलं मेथीला."

"मग संध्याकाळी कोमट आहे, कोमट आहे का म्हणायचीस?"

"संध्याकाळी कोमटच असतंय ना! अन् संध्याकाळी गरम पाणी कशाला पाहिजे? आंघोळ काय संध्याकाळी करत्यात? मला वाटलं, तुमचं ते मशीनच असं, रातभर तापवून सकाळी देणारं. मला कोणी सकाळी विचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. आरोहीने वाफेकडे हात केला आणि मोठ्याने हसली.

"आणि गुडघे?" तेजलने हळूच विचारलं.

"गुडघे? आठ दिस झाले, दुखतच नाय."

"मग तुम्ही जाताय कशाला, आई?"

धोंडाबाईंनी पाइपाचं टोक एका रोपावरून दुसऱ्यावर सरकवलं. "इथं सगळं आपोआप होतंय," त्या म्हणाल्या. "मी नुसती बसू किती?"

संतोषने आईला बसण्यासाठी आठशे लिटरचा टब आणला होता. तो पाटाशेजारच्या ओल्या फरशीवर हळूच बसला.

मल्हारीने मात्र आपलं काम सोडलं नाही. त्याने आधी पाइप मेथीतून काढला. "आजी, या पावडरच्या पाण्याने झाडं मरतात, आणि तुम्ही तर उकळतं घालताय." मग त्याने त्यांच्या हातात पट्टी दिली. "रंग बरोबर असेल तोवर पाणी शिळं नाही. पण रोज बघावं लागतं. सकाळ-संध्याकाळ पट्टी, दोन दिवसांनी जाळी धुणं, वर आलेला कचरा काढणं. इथं कोण बघणार?" त्याने सव्वासातला निघणाऱ्या संतोषकडे पाहिलं, सोमवारपासून निघणाऱ्या तेजलकडे पाहिलं.

"अन् नाय बघितलं तर?" धोंडाबाईंनी विचारलं.

"नासतं. हिरवं होतं. वास येतो."

धोंडाबाईंनी पट्टी उजेडात धरून पुन्हा एकदा पाहिली.

रविवारी अकरा वाजता वाल्मीक गाडी घेऊन आला. पिशवी दारात होती. आई मागच्या अंगणात टबावर वाकून उभी होती.

"चल आई, जेवायला घरी पोचू."

"थांब. मोजू राहिले. तेरा... चवदा... पंधरा." त्यांनी पट्टी डब्याला लावली, डोळे बारीक केले. "कालपासून पाणी तसंच ठेवलंय. नासलं तर या दोघांना कळायचं बी नाय."

"मग कधी येऊ न्यायला?"

"या पाण्याला तीन महिने होऊ दे. चहा घे अन् जा. पिशवी आत ठेव."

वाल्मीक गेल्यावर त्यांनी आरोहीला तेजलच्या हातातून काढून घेतलं. "उतर तू पाण्यात."

"मी? आई, हा टब तुमच्यासाठी..."

"बाळंतपणापासून कंबर धरून चालू राहिली, मला दिसत नाय का? उतर."

तेजल उतरली. पाणी खांद्यापर्यंत आलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या दोन्ही हातांत काहीही नव्हतं. ती अकरा मिनिटं बसली. बाराव्या मिनिटाला आरोही रडली आणि धोंडाबाई म्हणाल्या, "बस तू. मी हाय."

सोमवारी ऑफिसात साडेअकराला तेजलचा फोन वाजला. आईंचा. ती खुर्चीतून उठली आणि कॉरिडॉरमध्ये पोचेपर्यंत तिने ताप, पडणं, घशात काहीतरी अडकणं, सगळं पाहून घेतलं.

"आई! आरोही बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरली? खीर खाऊन झोपली मांडीवर. ते नाय. पट्टीवर जांभळा रंग आलाय. पांढऱ्या डब्यातली घालू का?"

तेजल भिंतीला टेकली. "घाला, आई. अर्धा चमचा."

"अन् संतोषला फोन करून सांग. काल बाहेरनं आला तसा उतरला होता, पाणी गढूळ केलं. आज तसं चालायचं नाय. आधी आंघोळ करून यायचं म्हणावं, साबण लावून. मग मी पट्टी बघीन, अन् मग सांगीन उतरायचं का नाय ते."