पुडिंगातला कान

वेंडेल प्रूइट दर रविवारी बायको लोरेटाला कॅथीड्रलच्या दारापर्यंत सोडायचा आणि स्वतः पिकअपमध्ये बसून राहायचा. एसी चालू, रेडिओवर फुटबॉलचा सामना, मांडीवर खारे शेंगदाणे. सहा वर्षं हा नेम चुकला नव्हता. इतका कडक नेम आत गुडघे टेकणाऱ्यांपैकीही कुणी पाळत नसेल.

त्याचं असं झालं होतं. फादर डेस्मंड आणि त्यांची सगळी अँग्लिकन मंडळी आपली प्रार्थनापुस्तकं, जुनी गाणी आणि चहाच्या किटल्या घेऊन पोपच्या पदराखाली गेली, कॅथलिक झाली, तेव्हा भरसभेत उभा राहून वेंडेल गरजला होता, "पोपच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही." लोरेटा मंडळींबरोबर गेली. वेंडेल जुन्या चर्चमध्ये जवळजवळ एकटा उरला आणि वर्षभरात ते चर्चही विकलं गेलं. तेव्हापासून बिचारा ना इकडचा ना तिकडचा. आत जावंसं त्याला पुष्कळदा वाटे, पण चारचौघांत बोललेला शब्द गिळायचा कसा? लोरेटाने आधी खूप आग्रह केला, मग सोडून दिला. तिने सोडून दिलं हे तर त्याला जास्तच लागलं होतं.

त्या रविवारी नाताळच्या पुडिंगचं पीठ ढवळायचं होतं. हा जुना अँग्लिकन शिरस्ता. मंडळी रोमच्या पंथात गेली तरी पुडिंग सोडून गेली नव्हती. वेंडेल गाडीत शेंगदाणे सोलत बसला होता, तोच सेलेस्टने कोपराने काच वाजवली. सेलेस्ट म्हणजे फादरांची बायको. कॅथलिक पाद्र्यांना एरवी लग्न करता येत नाही, पण रोमने फादरांना बायकोसकट पदरात घेतलं होतं, आणि सेलेस्टला एकदा पाहिल्यावर नको म्हणायची रोमची तरी काय बिशाद.

"मिस्टर प्रूइट, मिसेस प्रूइट पुडिंगात ओतायच्या बोर्बन व्हिस्कीची बाटली गाडीत विसरल्या. जरा आत हॉलमध्ये आणून देता का?"

"तूच घेऊन जा की."

"हात बघा माझे, कोपरापर्यंत बरबटलेत. बाटली निसटली तर मला बोलू नका."

बोर्बन चांगल्यापैकी होतं. वेंडेल विचारात पडला.

"हॉल म्हणजे काही चर्च नव्हे," तो म्हणाला.

"छे, हॉल म्हणजे नुसता हॉल," सेलेस्ट म्हणाली आणि पुढे चालू लागली.

हॉलमध्ये मधोमध मोठं पातेलं होतं. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, सगळं काळपट पिठात कालवलेलं. एकेकाने पुढे व्हायचं, लाकडी डाव पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायचा, डोळे मिटायचे आणि एक इच्छा मागायची. तीही मनातल्या मनात, कारण बोलून दाखवली की फुकट गेली. सकाळपासून पातेल्यावर ओणवी असलेली लोरेटा आता शेवटी स्वतः ढवळायला उभी राहिली होती. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात नाही, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली:

"देवा, माझा तो गाडीतला हेकट बैल मरायच्या आधी एकदा तरी माझ्या शेजारी येऊन बसू दे."

सगळ्यांनी आधी लोरेटाकडे पाहिलं, मग दारात बाटली घेऊन उभ्या असलेल्या बैलाकडे. वेंडेलचे कान लालबुंद झाले. वळून गाडीत जाऊन बसावं असं एकदा त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पातेल्याने शीळ घातली.

"पुडिंग बोलतंय?" फादरांनी दबक्या आवाजात विचारलं.

कूंऽऽ, पुडिंगने पुन्हा सांगितलं. ही शीळ वेंडेल रोज सकाळी नाश्त्याला ऐकत होता.

"बोलत नाहीय, ऐकतंय," तो म्हणाला. "हिचं कानातलं श्रवणयंत्र पडलंय त्यात."

मग एकच धांदल उडाली. यंत्र तपकिरी, मनुकेएवढं, आणि पातेल्यात मनुका सोडून दुसरं होतं काय? चार बायका चमचे घेऊन धावल्या. फादर म्हणाले, "हरवलेल्या वस्तूंसाठी संत अँथनीची प्रार्थना म्हणू या." पण संतांना हाक मारणं मंडळींच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. सगळे ओठ हलवत राहिले आणि शेवटी 'आमेन' तेवढं जोरात म्हणाले. इकडे शीळ बारीक होत चालली होती.

"बाजूला व्हा," वेंडेल म्हणाला. बाटली सेलेस्टच्या बरबटलेल्या हातांत कोंबून त्याने बाही सरसावली आणि दंडापर्यंत हात आत घातला. "हे पीठ पुढे तास न् तास उकळायचंय ना? मग तोंडं वाकडी करू नका." मनूक, मनूक, कुणाच्या तरी कोटाचं बटण, आणि मग यंत्र. ते त्याने खिशात टाकलं. लोरेटा पिठाने माखलेल्या त्याच्या हाताकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

तो तिच्या कानाशी वाकला. "येतो मी," तो पुटपुटला.

"काय?"

"येतो म्हटलं आत."

"काय म्हणतोस, वेंडेल? ऐकू येत नाही."

मग सहा वर्षांपूर्वी भरसभेत लावला होता तसाच आवाज लावून तो म्हणाला, "आज संध्याकाळच्या प्रार्थनेला मी तुझ्या शेजारी बसणार आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेलेस्टने मात्र खिशातून रुमाल काढायच्या नादात तोंड पिठाने माखून घेतलं.

संध्याकाळी तो बाकावर अगदी कडेला बसला, वेळ पडली तर पळता यावं म्हणून. गायकवृंदाने सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं की शब्द तेच आहेत, जुन्या चर्चमधले, आईने शिकवलेले. पुस्तक न उघडताच त्याच्या तोंडून ते येत गेले. मधेच आवाज घोगरा झाला, तेव्हा लोरेटा त्याच्याकडे सरकली आणि त्याचा चिकट हात तिने हातात घेतला.

सगळे डोळे मिटून स्तब्ध असताना तो स्वतःशीच पुटपुटला, "बोर्बन ओतायचं राहिलंच."

"सेलेस्टने ओतलं," डोळे मिटूनच लोरेटा म्हणाली. "तू ओरडत होतास तेव्हा."

वेंडेलने खिसा चाचपला. यंत्र खिशातच होतं.

"तुला ऐकू येतंय?"

"डावा कान गेलाय माझा. उजव्याला काय धाड भरलीय?"

वेंडेल तिच्या उजव्या बाजूला बसला होता. दुपारीही तो उजव्याच कानाशी वाकला होता.

"मग मला तीनतीनदा का बोलायला लावलंस?"

"एकदा ऐकून भागेना."

"आणि ती इच्छा? ती तर मनात मागायची असते."

"देवाला सहा वर्षं मनातच सांगत होते," लोरेटा म्हणाली. "म्हटलं, आता तुलाही सांगून बघावं."