आजचं ताट आणि दाढीचा फेस

जगात माझ्याहून चांगला फोटो काढणारा माणूस असेलही, पण आमच्या गल्लीत नाही! हे मी गर्वाने सांगत नाही, गिऱ्हाइकं सांगतात. माझ्या स्टुडिओत माणूस कसाही येवो, भिंतीवर लावायचा फोटो घेऊन जाताना तो खुशीतच जातो. एकदा एका गृहस्थांनी स्वतःचाच फोटो हातात घेऊन “हे कोण?” असं विचारलं होतं. मी ते कौतुक समजलो.

तर लेकीला बाळ झालं आणि आमच्या हिची तिकडे जायची बॅग भरली गेली. दारात चपला घालताना ही थबकली.

“अहो, तुमच्या जेवणाचं काय?”

“अगं, जा बिनधास्त! स्वयंपाक म्हणजे काय? योग्य आच आणि योग्य वेळ. आमच्या धंद्यात आचेऐवजी उजेड, एवढाच काय तो फरक!”

“बरं,” ही म्हणाली. हिच्या ‘बरं’मध्ये काय काय असतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

जाता जाता हिने मला आपल्या ग्रुपमध्ये घुसवलं. ग्रुपचं नाव ‘आजचं ताट’. घरी रांधणाऱ्या डझनभर बायका, आणि त्यांच्या वर एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. नियम साधा : रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने केलेल्या जेवणाचा फोटो टाकायचा. मग बाकीच्यांनी विचारायचं, वाद घालायचा, टोमणे मारायचे. मीठ आधी की नंतर, यावरून तिथे दोन बायकांचा अबोला झालेला मी ऐकून होतो.

“रोज ताट टाका,” ही म्हणाली. “म्हणजे मला तिकडे कळेल, तुम्ही जेवलात.”

पहिल्याच संध्याकाळी मी भात लावला. खाली करपला, वर कच्चा राहिला, आणि मधे काय झालं ते अजून कळलेलं नाही. भाजी पातेल्याला अशी चिकटली की जणू सासरी नांदायलाच आली होती! हा फोटो गेला तर ही अर्ध्या वाटेतून परत फिरेल, लेक तिकडे एकटी पडेल, आणि आपण मारलेल्या बाता आपल्याच गळ्यात येतील. छे छे! मी उठलो आणि स्टुडिओतला दिवा घरी आणला.

वाचकहो, कॅमेऱ्याला जीभ नसते. हे सत्य मला त्या दिवशी उमगलं आणि मी सुटलोच! कच्च्या भाजीचा रंग शिजलेल्या भाजीपेक्षा झकास येतो, म्हणून भाजी शिजवायचीच नाही. वरून ब्रशने तेल फिरवलं की ती चकाकते. ताटामागे गरम ओला फडका ठेवला की वाफा येतात. आणि सूपवर साय घातली तर ती दोन मिनिटांत विरघळते, पण दाढीचा फेस? तासभर मान ताठ करून उभा!

फोटो टाकला. हिचा लगेच निरोप आला, “अय्या! हे तुम्ही केलंत?”

माझ्या नावावर हिच्या तोंडून ‘अय्या’ निघून किती वर्षं झाली होती कोण जाणे. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि चहात पाव बुडवून जेवलो.

मग काय, रोज नवं ताट! भरलेली ढोबळी मिरची, वाटाण्याचं सूप, भाजलेले बटाटे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई हॉस्पिटलात नर्स आहेत, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. त्या ग्रुपवर विचारायच्या, “भाऊ, मिरचीचा रंग इतका हिरवागार कसा राखता हो?”

“घाई करायची नाही, सिस्टर. तिला फार त्रास द्यायचा नाही,” मी लिहायचो. खोटं काहीच नव्हतं. मी तिला गॅसजवळही नेत नव्हतो.

महिना सरत आला. ही परत यायची म्हणून मी पडदे धुतले, हिच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकला. आणि हिचा फोन आला.

“अहो, तुम्ही तर माझ्याहून छान जेवताय! लेक म्हणते, आई, राहा की अजून, बाबांचं कुठे काय अडलंय? राहू का?”

माझ्या घशात ‘नको’ येऊन बसलं होतं. पण तो शहाणा तिथेच बसला! बाहेर पडलं ते भलतंच.

“राहा की! माझी मजा चाललीय!”

“बरं,” ही म्हणाली.

फोन ठेवला आणि घर एकदम मोठं झालं. सरळच सांगतो, मला हिची आठवण येत होती. जेवणाची नव्हे, हिची. सकाळी मी अजूनही दोन कप काढायचो आणि एक गुपचूप परत ठेवायचो. ही रोज माझ्या मागून येऊन दिवे बंद करायची आणि “वीज काय फुकट येते?” म्हणायची. आता मी स्वतःच दिवे बंद करायचो आणि कोणी काही म्हणायचं नाही. आयुष्यभर लोकांचे फोटो काढले, आणि हिचा एक धड फोटो माझ्याकडे निघू नये! “आधी गिऱ्हाइकांचे काढा, मी कुठे पळून चाललेय?” असं म्हणायची. बघा, गेली की नाही!

मग मी ठरवलं. खरं ताट दाखवायचं. करपलेलं, चिकटलेलं, जसं आहे तसं! ते बघून दगडालाही पाझर फुटेल, ही तर माझी बायको! पण हाताची सवय जाते कुठे? दिवा आपोआप डावीकडून लागला, ताट आपोआप खिडकीकडे वळलं. करपलेल्या बटाट्यांवर असा काही उजेड पडला की हेडबाईंनी लिहिलं, “वा! निखाऱ्यावर भाजल्याची चव फोटोतच कळते. सर्वांनी शिकावे.”

दुसऱ्या दिवशी मी काळजावर दगड ठेवून वाईट फोटो काढला. अंधारात, हात हलवून, अर्धं ताट कापून. धंद्यात पहिल्यांदाच! टाकला मात्र, आणि हिचा फोन आला. मी आनंदाने उडालो.

“अहो, तुमच्या डोळ्यांना काय झालं?”

“डोळ्यांना?”

“तुमच्या हातून असा फोटो? काही बोलू नका. सिस्टरना सांगितलंय मी, उद्या डॉक्टरकडे नेतील!”

सिस्टरनी खरंच नेलं. डोळ्यांत थेंब घालून मला तासभर बाकावर आंधळ्यासारखं बसवलं. डॉक्टर म्हणाले, “डोळे ठणठणीत आहेत. पण ही पँट तुमचीच आहे ना?”

माझी पँट कमरेवर पट्ट्याच्या जिवावर तग धरून होती. सिस्टरनी ते पाहिलं, आणि घरी पोचायच्या आत ग्रुपवर बातमी! ‘भाऊंनी वजन उतरवलं! इतकं चविष्ट करूनही जिभेवर ताबा! याला म्हणतात संयम!’ खाली टाळ्याच टाळ्या. हिनेही टाळी दिली होती. आता बोला!

आणि त्याच भरात हेडबाईंनी जाहीर केलं, “या रविवारी दुपारी भाऊंकडे पाहणी.”

पाहणी म्हणजे ग्रुपची जुनी रीत. ज्याच्या ताटाचं कौतुक फार होतं, त्याच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी जायचं, तो कसा करतो ते उभं राहून बघायचं आणि मग खायचं. ‘पदार्थ डोळ्यांनी नव्हे, जिभेने तपासावा’ असं हेडबाईंचं मत. माझी पाचावर धारण बसली!

पण मी म्हटलं, एक दिवस खरंच शिजवू. सूपच तर करायचंय! वाटाणे उकळायचे, घोटायचे. रविवारी सकाळी मी ते केलंही, आणि चक्क बरं झालं. म्हणजे मीठ नव्हतं, पण हिरवं होतं. हुशारीने एक वाटी आधीच फोटोसाठी वेगळी काढली, शेजारी भांड्यात फेस घोटून ठेवला, आणि दाराची बेल वाजली.

बायका आत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. कोणी डबे उघडले, कोणी पातेल्यात डोकावलं. हेडबाई मधोमध उभ्या. सिस्टरनी फोन वर धरला आणि त्या ओरडल्या, “वहिनी, दिसतंय का? तुमच्या मिस्टरांची पाहणी!”

पडद्यावर ही होती! खांद्यावर बाळ, केस विस्कटलेले. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी पळी हातात धरून तसाच उभा राहिलो. एवढे दिवस नुसता आवाज ऐकत होतो, चेहरा आज दिसला.

त्या बघण्यात मी गुंग, आणि इकडे सिस्टरनी मदत म्हणून वाट्या भरल्या. प्रत्येक वाटीत सूप, आणि सूपवर माझ्या भांड्यातला पांढराशुभ्र फेस, मोठा चमचा भरून! हेडबाईंनी पहिला घोट घेतलासुद्धा.

हेडबाईंचं तोंड हळूहळू गोळा झालं. त्यांनी भुवया वर केल्या, खाली आणल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यातून एक लहानसा बुडबुडा बाहेर आला.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “सायीला लिंबाचा वास का येतोय?”

“थुंका, बाई, थुंका!” मी ओरडलो. “ते दाढीचं आहे!”

जी काही पळापळ झाली! एक बेसिनकडे, एक खिडकीकडे. सिस्टरनी हेडबाईंच्या तोंडात तांब्यानेच पाणी ओतलं, त्यामुळे फेस आणखी वाढला. कोणाचा तरी धक्का लागून माझा दिव्याचा स्टँड सूपच्या पातेल्यात पडला. सगळं बाहेर आलं : तेलाचा ब्रश, वाफेचा फडका, कच्च्या भाजीचा डबा, कोपऱ्यात पावाच्या पाकिटांचा ढीग. मी मान खाली घालून उभा.

तेवढ्यात फोनमधून खुदखुद ऐकू आली. ही हसत होती!

“अहो, तो फेस मी पहिल्याच आठवड्यात ओळखला. इतकी वर्षं रोज सकाळी तुमच्या गालावर बघतेय की मी!”

“मग आली का नाहीस?” माझा आवाज चढला. “माझी ही दशा दिसत होती, तरी?”

“मी विचारलं होतं, राहू का. तुम्ही काय म्हणालात? राहा की, मजा चाललीय! मी इथे रोज फोनकडे डोळे लावून बसते, की आज तरी म्हणतील, ये. सूपवर फेस लावाल, पण ‘ये’ म्हणायला तुमची जीभ वळत नाही!”

सगळ्या बायका जागच्या जागी थिजल्या. हेडबाईसुद्धा गुळणी तोंडात धरून ऐकत होत्या. मला तिथून पळावंसं वाटलं, पण दाराशी तीन जणी उभ्या होत्या. म्हणून बोललो.

“अगं, ये. मला जेवण नको, काही नको. नुसती तू ये. तुझ्याशिवाय मला करमत नाही.”

“बरं,” ही म्हणाली. हे ‘बरं’ मात्र मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. सिस्टर डोळे पुसायला लागल्या. हेडबाईंनी गुळणी टाकली आणि त्या म्हणाल्या, “पाहणी संपली. उत्तीर्ण!”

ही आली. मी स्टेशनवर गेलो, बॅग घेतली, सगळी वाट हिच्याकडे बघत चाललो, दोनदा खांबावर आपटलो. घरी आल्यावर हिने पाय धुतले, ही आपल्या खुर्चीत बसली, पाय ताणून दिले आणि डोळे मिटले. मी थोडा वेळ थांबलो. मग आणखी थोडा वेळ थांबलो. मग हळूच खाकरलो.

“अगं, म्हटलं... भूक लागलीय जरा.”

“मलाही,” ही डोळे न उघडता म्हणाली. “तिकडे सगळ्यांना रांधून रांधून कंबर मोडली माझी.”

“मग आज काय करतेयस?”

हिने एक डोळा उघडला.

“मी? डझनभर बायकांसमोर काय म्हणाला होतात? जेवण नको, काही नको, नुसती तू ये. आलेय ना? नुसती आलेय!”

आणि हो, दाढीचं भांडं हिने येताच कपाटात कुलपात ठेवलंय. तेव्हा कोणाला मीठ आधी की नंतर ते नक्की माहीत असेल, तर कृपया लवकर कळवा. गॅसवर भात आहे.