कोपऱ्यातल्या बाईंचे थांबलेले हात

देशावर संकट आलं की जनतेला सर्वांत आधी गरज भासते ती निवेदनाची. अन्न, पाणी, औषध यांचा क्रमांक त्यानंतर लागतो, आणि निवेदन पुरेसं लांब असेल तर तो लागेपर्यंत संकट आपोआप जुनं झालेलं असतं. प्रसिद्धी खात्यात चोवीस वर्षं टिपणं लिहून मी या निष्कर्षाला आलो आहे.

यंदा देशातलं मीठ संपलं. 'संपलं' हा शब्द मी खाजगीत वापरतो. खात्याने तीन बैठका घेऊन मंजूर केलेला शब्दप्रयोग 'मिठाचे तात्पुरते अदर्शन' असा होता. (पहिल्या बैठकीत 'टंचाई' बाद झाली. दुसरी बैठक नाष्टा अळणी निघाल्यामुळे तहकूब झाली.) रोज संध्याकाळी सहाला आमचे प्रवक्ते सगळ्या वाहिन्यांवरून चाळीस मिनिटं बोलत. आवाज असा भारदस्त, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी चुकलो असं वाटावं. मग वाहिन्या त्यावर तासन्‌तास चर्चा करत. मसाला त्यांच्याकडे भरपूर होता. मिठाची उणीव कुठे जाणवली नाही.

ज्यांना ऐकू येत नाही अशा नागरिकांसाठी पडद्याच्या कोपऱ्यात खुणांची भाषा जाणणारं कोणीतरी असावं, असा नियम आहे. त्यासाठी एका बाईंची हंगामी नेमणूक झाली. त्यांची आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे बाई तोंडाने बोलण्याआधी हातांनी भांडायला शिकल्या होत्या. खात्यात त्यांना सगळे 'कोपऱ्यातल्या बाई' म्हणत. तीन दिवस त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. चौथ्या दिवशी कॅमेरावाला संचालकांच्या कानाशी लागला : "साहेब, बाईंचे हात थांबलेत."

खरंच थांबले होते. प्रवक्ते बोलत होते आणि बाई बस थांब्यावर उभं राहावं तशा, हात पोटाशी जुळवून उभ्या होत्या. सव्विसाव्या मिनिटाला कागद उलटता उलटता प्रवक्ते म्हणून गेले, की गुरुवारी सकाळी आठला सरकारी दुकानांत घरटी अर्धा किलो मीठ मिळेल. बाईंचे हात झटकन हलले, तेवढंच सांगितलं आणि पुन्हा जुळले.

परिणाम गंभीर झाले. गुरुवारी आठला दुकानांसमोर ऐकू न येणारी मंडळी पिशव्या घेऊन मोठ्या शिस्तीत हजर. ऐकू येणारी मंडळी शुक्रवारी आली, आणि मग तिथे शब्दांना तोटा राहिला नाही. खात्याने तातडीने आकडे काढले. ऐकू न येणाऱ्यांच्या शंभर घरांपैकी एक्क्याण्णव घरांत मीठ होतं. ऐकू येणाऱ्यांच्या शंभरांपैकी चौदा. (त्या चौदांपैकी नऊ घरांचा टीव्ही बिघडलेला होता.)

वाहिन्यांनी हा प्रश्न लावून धरला : 'कोणाच्या इशाऱ्यावर हलतात हे हात?' सहा तज्ज्ञ एकाच वेळी बोलले. ऐकू न येणाऱ्यांपैकी कोणालाही बोलावलं नव्हतं, कारण त्यांना चर्चा ऐकू आली नसती. (ती कोणालाच आली नाही.) विरोधी पक्षाने जुळलेल्या हातांचा फोटो फलकांवर छापून खाली 'मूक निषेध' असं लिहिलं. सत्ताधारी पक्षाने तोच फोटो छापून 'जनतेचा नमस्कार' असं लिहिलं. बाईंना दोघांनीही विचारलं नाही. एवढ्यापुरती देशात एकजूट दिसली.

चौकशी झाली. टिपण मी घेत होतो.

संचालक म्हणाले, "बाई, प्रवक्ते चाळीस मिनिटं बोलले. तुमचे हात दीड मिनिट हलले. बाकीचा वेळ काय करत होता?"

"वाट बघत होते, साहेब."

"कसली?"

"ते काहीतरी सांगतील याची."

(टिपणात 'तांत्रिक कारण' अशी नोंद केली.)

प्रवक्ते दुखावले. "अहो, 'सर्व स्तरांवर सर्वंकष प्रयत्न सुरू आहेत' असं मी सात वेळा म्हणालो!"

"हो, पण हातांनी सांगायचं तर कोण, कुठे, काय करतंय ते दाखवावं लागतं. मी बोट कोणाकडे करू?"

प्रवक्त्यांनी विचार केला. "वर करा."

"वर केलं तर देव होतो, साहेब."

संचालक समजुतीने म्हणाले, "थोडं सांभाळून घ्या. काहीतरी हलवत राहा."

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "समोर आई बघत असते हो. मी काय वाटेल ते हात हलवले, तर घरी गेल्यावर ती विचारेल, 'तुला आज बरं नव्हतं का?' तिला काय सांगू?"

या प्रश्नाला उत्तर देणारं कलम सापडलं नाही, म्हणून बाईंची सेवा समाप्त करण्यात आली.

पत्र द्यायला मीच गेलो. घंटा दाबली की आत दिवा लागेल, अशी त्या घरात सोय होती. आईने दार उघडलं, पत्र वाचलं आणि माझ्याकडे बघून हात हलवले. बाई म्हणाल्या, "आई विचारतेय, हे तुम्ही ठरवलंत का?"

"मी फक्त लिहिलं. ठरलं वरून."

बाईंनी छताकडे बोट केलं. आई छताकडे बघून हसली. मग तिने आणखी काही विचारलं.

"तुमच्या घरी मीठ आहे का, म्हणतेय."

"तात्पुरतं अदर्शन आहे," मी म्हणालो.

बाईंचे हात हलले नाहीत. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बाईही बघत राहिल्या. चोवीस वर्षांत माझं वाक्य असं अंगावर कधी परत आलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "बारा दिवस नाही."

हात हलले. आई आत गेली आणि वाटीभर मीठ कागदात बांधून घेऊन आली.

ती पुडी मी पुरावा म्हणून ताब्यात घेतली. पुरावा आम्ही घरी पाच दिवस वापरला. पहिल्या घासाला बायको म्हणाली, "आता खाल्ल्या मिठाला जागा." दुसऱ्या दिवशी मी धीर करून फाइलवर लिहिलं, 'फेरविचार व्हावा.' बराच वेळ त्याकडे बघितलं. मग पुढे 'किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत' असं जोडलं.

आदेश झाले नाहीत. कोपऱ्यात आता प्रवक्त्यांचे मेहुणे उभे असतात. खुणांची भाषा त्यांना येत नाही, पण चौकात वाहनं वळवण्याचा दांडगा अनुभव आहे. चाळीस मिनिटांच्या निवेदनात त्यांचे हात एक्केचाळीस मिनिटं हलतात. ऐकू न येणाऱ्यांनी टीव्ही बंद केले. निवेदन संपलं की ते सातच्या सुमाराला बाईंच्या दाराशी जमतात. सांगण्यासारखं असेल तर बाई सांगतात, नसेल तर दोन्ही हात झटकून दाखवतात आणि मंडळी घरी जातात. आता तिथे ऐकू येणारेही जाऊ लागले आहेत. त्यात माझी बायको असते, हे मी कुठे नोंदवलेलं नाही.

महिनाअखेर खात्याने घरोघरी सर्वेक्षण केलं. शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी लोकांना नवे दुभाषी पसंत पडले.

तुमच्याकडे मीच आलो होतो. तुम्ही पडद्यावरची नजर न हलवता म्हणालात, "बरे आहेत की! निदान काहीतरी चाललंय असं वाटतं." पुढचा प्रश्न होता, 'आजच्या निवेदनात काय सांगण्यात आले?' तो मी विचारताच तुम्ही मला हातानेच गप्प बसायची खूण केलीत, कारण निवेदन चालू होतं. ती जागा कोरी ठेवता येत नाही, म्हणून मी तिथे 'समाधान व्यक्त केले' असं लिहून कागद पुढे केला.

सही तुम्ही न वाचताच केलीत. अक्षर सुरेख आहे तुमचं.