ग्रिम्सनांचा वंशवृक्ष

रविवारी संध्याकाळी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दीनानाथ आजोबा आइसलँडच्या संसदेत एक लग्न जुळवत होते.

नात अवनीला दुसऱ्या दिवशी वर्गात त्या संसदेवर तक्ता लावून बोलायचं होतं. मागच्या वेळी ती मधेच अडकली होती आणि वर्ग हसला होता. तेव्हापासून तिने वर्गात हातच वर केला नव्हता.

"पुस्तकातली खासदारांची यादी वाच बघू," आजोबा म्हणाले.

"ओड्डूर ग्रिम्सन. एगिल ग्रिम्सन. पुन्हा ओड्डूर ग्रिम्सन."

"अगं, हे तर सरळ सरळ एकच घराणं! दिल्लीत राहून एवढंही कळत नाही तुला?" आजोबांनी कार्डपेपरवर भलामोठा वंशवृक्ष काढला. वर ग्रिम आजोबा, खाली मुलं, आणि यादीतली कुणी ग्रिम्सदोत्तिर एगिलशेजारी सून म्हणून.

"पण ओड्डूर दोनदा आलाय."

"लिहिणाऱ्याची चूक. एकदाच लिही."

अवनी वाचत गेली. "आजोबा, ओड्डूरने मासेमारीचं बिल मांडलं आणि ओड्डूरनेच त्याच्या विरोधात मत दिलं."

"फार प्रामाणिक माणूस असेल."

"आणि त्याचं वय चौतीस आहे. एकाहत्तरपण आहे."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात अवनीला पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली टीप सापडली. तिकडे बहुतेकांना आडनावच नसतं. ग्रिमचा मुलगा तो ग्रिम्सन, ग्रिमची मुलगी ती ग्रिम्सदोत्तिर. आणि ग्रिम नावाचे बाप पुष्कळ.

"म्हणजे हे कुणीच कुणाचे नाहीत?" आजोबांचा आवाज बारीक झाला. "आणि ती ग्रिम्सदोत्तिर? तिला मी एगिलची बायको केलंय."

अवनीचे डोळे भरून आले. कोपऱ्यावरचं दुकान बंद झालेलं, दुसरा कार्डपेपर नाही. "मी उद्या जाणारच नाही. यार आजोबा, सगळे पुन्हा हसतील."

आजोबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. "चूक माझी आहे, बेटा. तसंच सांग तिथे. बरं, आपल्या ब्लॉकमध्ये शर्मा किती?"

"दोन. स्कूटरवाले शर्माजी आणि तुळशीवाले शर्माजी."

"घोटाळा होतो कधी?"

"बिल्कुल नाही." अवनीने नाक पुसलं आणि कात्री उचलली. झाडाच्या फांद्या कचाकच सुट्या झाल्या. एकीवर तिने लिहिलं, 'मासेमारीवाले ओड्डूर, वय एकाहत्तर'. दुसरीवर, 'विरोधवाले ओड्डूर, वय चौतीस'. ग्रिम्सदोत्तिरबाईंना आजोबांनी स्वतःच्या हाताने सन्मानाने सोडवलं.

सोमवारी दुपारी आजोबा बसथांब्यावर अर्धा तास आधीच जाऊन उभे राहिले. अवनी उतरली ती गंभीर चेहऱ्याने.

"हसले का गं?"

"खूप."

आजोबांनी मान खाली घातली.

"माझ्यावर नाही हो, तुमच्यावर! मी आधी तुमचं झाडच सांगितलं, ते लग्नसुद्धा. मग सगळे प्रश्नच विचारत बसले. मी दहा मिनिटं बोलले, आजोबा. मॅडमनी थांबवलं तेव्हा थांबले."

आजोबांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

ब्लॉकमध्ये तीन म्हातारे होते आणि मुलं तिघांनाही नुसतं दादाजी म्हणत. संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचा राघव भेटला. तो अवनीच्याच वर्गातला.

"नमस्ते, ग्रिम्सनवाले दादाजी!"

"जीते रहो," दीनानाथ म्हणाले, आणि उरलेल्या पायऱ्या जरा ताठ मानेने चढले.