बिरुदेव सरांचा पेशंट

बिरुदेव सर डब्यातून जेली आणतात. खायला नव्हे, स्कॅन करायला. बारामतीतल्या एका एमआरआय सेंटरवर मी टेक्निशियन आहे. रविवारी दुपारी पेशंट संपले की सर स्टीलचा डबा घेऊन हजर.

"ताई, आमचा पेशंट आलाय."

"नाव काय लिहू?"

"लिवा, जेलीबाई निरवांगीकर!"

निरवांगी हे सरांचं गाव. ते कॉलेजात शिकवतात आणि झिजलेल्या गुडघ्यात बसवायची बारीक जाळी बनवतात. तिच्या आधारानं नवी कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, वाढते, मग जाळी हळूहळू विरघळते. पंचाईत एवढीच, की भिजलेली जाळी एमआरआयमध्ये आजूबाजूच्या मांसासारखीच दिसते. जागेवर आहे की सरकली, कळत नाही. म्हणून सर तिच्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळतात. तेवढा भाग चित्रात काळा उमटतो. मांसाऐवजी जेलीत जाळी बुडवून ते आधी हेच तपासायचे.

पहिल्या खेपेला कण इतके जास्त झाले की अख्खी जेलीच काळ्या डागात गडप झाली. सर म्हणाले, "काजळ घालाया गेलो आन् डोळाच गेला की वो!"

हे वेड बाहेरही सुटत नाही. भवानीनगरच्या एका लग्नात त्यांनी फोटोग्राफरला अडवून विचारलं होतं, "नवरीच्या कडा नीट दिसत्यात का?"

गेल्या महिन्यात मात्र जेलीऐवजी मेंढी आली. रीतसर परवानगी काढलेली, सोबत पशुवैद्य. जाळी तिच्या गुडघ्यात बसवून बरेच दिवस झाले होते. भूल देऊन आम्ही तिला टेबलावर निजवलं.

"आज नाही दिसली, तर मेंढी कापूनच गुडघा बघावा लागणार," पशुवैद्य म्हणाले.

एरवी बडबडणारे सर भिंतीला टेकून उभे राहिले. पहिल्या चित्रात काही कळेना. दुसऱ्यात कूर्चेमध्ये बारीक काळी रेघ दिसली, बसवली होती तिथंच.

"दिसली, सर!"

सरांनी एकदाच पडद्याकडं बघितलं आणि ते आत मेंढीकडं गेले. मेंढीला बाहेर आणल्यावर तिचं डोकं मांडीवर घेऊन खालीच बसले.

"आमच्या आबांनी मेंढरांचा कळप इकला तवा मी साळंत हुतो," ते म्हणाले. "घरी आलो तर मेंढरं कोंडायचं वाडगं मोकळं. एकीच्या बी तोंडावरनं हात फिरवाया गावला न्हाय."

प्रयोगातल्या मेंढ्यांना नुसता नंबर असतो, नाव कुणी ठेवत नाही. सर वाकून तिच्या कानाशी पुटपुटले, "चांदे, ऊठ गं. घरला जायाचं हाय."

पशुवैद्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मेंढीचा कान हलला.