तुफान जेवत नाही

"कासव सांभाळायचं म्हणजे काय गं ताई? दगडाला पाणी दाखवायचं, एवढंच ना!" असं म्हणून थंडोबांनी बहिणीच्या हातातली टोपली घेतली, आणि दगडानेही कपाळावर हात मारून घ्यावा अशा तीन आठवड्यांची सुरुवात झाली.

थंडोबा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्यांचा मेहुणा एकदा चार दिवस राहायचं म्हणून आला, दुसऱ्याच दिवशी सकाळी नाक पुसत निघाला आणि जाताना उंबऱ्यावर हे नाव ठेवून गेला. ते नाव बसलं, कारण दुसरं कुठलंच बसलं नसतं. थंडोबा बावीस वर्षं एसी दुरुस्त करत होते. लोकांची घरं गार करता करता त्यांनी स्वतःचं घर शीतगृह करून टाकलं होतं. तीन खोल्या, तीन एसी, तिन्ही अठरावर! खोबरेल तेलाची बाटली बारा महिने गोठलेली. केसांना लावायचं तर चमच्याने उकरून काढावं लागे. कन्या अभ्यासाला बसताना हातांतही मोजे चढवी आणि पान उलटायचं झालं की नाकाने उलटवी. बायको शाल पांघरून स्वयंपाक करी.

कुणी कुरकुरलंच तर थंडोबांचं उत्तर तयार असे. "घर थंड तर डोकं थंड!"

त्यामुळे बायकोचं डोकं थंड राहत होतं असं नाही, पण दात वाजत असल्याने तिला सलग भांडता येत नसे. थंडोबांच्या मते संसार सुखाचा चालला होता.

तर ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ताई आठ वर्षांनी मोठी, एकटी राहणारी. कासव भाऊजींनी आणलेलं, तळहातावर मावत होतं तेव्हा. भाऊजींनीच त्याचं नाव 'तुफान' ठेवलं होतं, आणि हाक मारल्यावर ते पंधरा मिनिटांनी हजर होई म्हणून त्यांना त्याचं भारी कौतुक. भाऊजी गेले, त्याला सहा वर्षं झाली. तुफान राहिला.

"हे बघ," ताई म्हणाली, "हा माझ्याशी बोलत नाही, पण मी बोलते ते ऐकून घेतो. तेवढं करणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस."

"अगं ताई!"

"आणि हा कागद. वाच."

"वाचतो की!"

इथे सांगायला हवं, की थंडोबा गिऱ्हाइकांच्या घरी गेले की पहिला प्रश्न हाच विचारत, "माहितीपुस्तिका वाचलीत का? मग? कंपनी काय रद्दी वाढवायला छापते?" अशा माणसाच्या शब्दावर कुणाचाही विश्वास बसला असता. ताईचाही बसला.

तुफानाला पाहुण्यांची खोली मिळाली. तिथे पाहुणा टिकत नसल्याने ती नेहमी नव्यासारखी असे. थंडोबांनी खास कोपरा केला, खाली गोणपाट, बाजूला पाण्याची ताटली, आणि एसी सुरू केला. एसीच्या पुढच्या झाकणाची जरा खडखड होत होती. तुफानाची झोपमोड नको! टेबलावरचा हाताला लागला तो कागद घेऊन थंडोबांनी त्याच्या चार घड्या घातल्या आणि तो झाकणाच्या फटीत खोचला. खडखड बंद! बावीस वर्षांचा अनुभव होता, थट्टा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुफानाने पानाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी काकडी सुकली. चौथ्या दिवशी त्याने डोकं आणि पाय आत घेतले आणि दुकान बंद केलं.

"काय झालं असेल हो?" बायको म्हणाली.

थंडोबांनी कवचावर टिचकी मारून ऐकलं. ते कॉम्प्रेसरही असेच तपासत. "उकडतंय त्याला!"

"उकडतंय?"

"पाठीवर ओझं बघ ना केवढं! उन्हाळ्यात आपल्याला तरी जेवण जातं का?" आणि त्यांनी एसी अठरावरून सतरावर आणला.

"अहो, मला वाटतं त्याला थंडी वाजत असेल."

"थंडी? त्याला? त्याने अख्खं घर अंगावर घातलंय! तू नुसती शाल घेऊन तक्रार करतेस, तो करतो का?"

"तो जेवत नाहीये," बायको म्हणाली. "त्याला बोलता येत नाही म्हणून तो एवढंच करू शकतो."

पण तोवर दात वाजायला लागले आणि तिचा मुद्दा अर्धवट राहिला.

पाचव्या दिवशी एसी सोळावर आला. सोळाच्या खाली यंत्रच जात नाही, नाहीतर थंडोबा गेले असते. मग त्यांनी छताचा पंखाही लावला. तुफान आता इतका स्तब्ध झाला, की कन्येने त्याच्या तोंडाशी आरसा धरून बघितलं. आरशावर वाफ आली. ती कन्येच्याच श्वासाची होती, पण त्या घरात ते ओळखणं कठीण होतं.

"बाबा, आत्याने कागद दिला होता ना? त्यात काय लिहिलंय?"

"जपून ठेवलाय मी."

"कुठे?"

"जपून ठेवलेली वस्तू लगेच सापडली तर ती जपली कशी म्हणायची?"

इकडे ताईचं ऑपरेशन सुखरूप झालं आणि तिला रोज सकाळी अकराला व्हिडिओ कॉल करण्याइतकी हुशारी आली. पहिले दोन दिवस थंडोबांनी "झोपलाय" सांगून निभावलं. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "मला त्याला खाताना बघायचंय. आत्ता."

थंडोबांनी मोबाइल कन्येच्या हाती दिला आणि आधीच केलेली तयारी कामाला लावली. एका पानाला काळा दोरा बांधून तो तुफानाच्या पोटाखालून मागे काढला होता. थंडोबा पलंगाआड पालथे पडले आणि हळूहळू दोरा ओढू लागले. पान सरकत सरकत कवचाखाली गेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आहाहा, काय जेवतोय!

ताईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"अरे," ती म्हणाली, "पान मागच्या बाजूने बाहेर आलं."

"पचन चांगलं आहे गं त्याचं!" पलंगाआडून आवाज आला.

"तू पलंगामागे का आहेस? तुफान कसा आहे? खरं सांग."

थंडोबा उठले. गुडघ्याला धूळ, हातात दोरा, आणि चेहरा प्रगतिपुस्तक लपवताना सापडलेल्या पोरासारखा. "ताई, सहा दिवस झाले. काहीच खात नाहीये."

ताई रागावेल, म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. ताई रागावली नाही. "मी उद्या येते," एवढंच हळू म्हणाली. मागून नर्सचा आवाज आला, "उद्या कुठे? अजून चार पावलं टाकता येत नाहीत तुम्हाला!" आणि ताई म्हणाली, "पाच टाकीन."

त्या दोन शब्दांनी सोळा अंशांतही थंडोबांना घाम फुटला.

"चला," कन्या टोपली उचलत म्हणाली. "डॉक्टरकडे."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. स्कूटरवर कन्येच्या मांडीवर टोपली, आणि थंडोबा दर सिग्नलला मागे वळून विचारत, "आहे ना गं?" दुसऱ्या सिग्नलला टोपलीत खसखस झाली. तिसऱ्याला एक पाय बाहेर आला.

"बाबा, हलतोय!"

"शेवटची धडपड!" थंडोबा म्हणाले आणि लाल दिव्यातून स्कूटर काढता काढता थांबले.

प्राण्यांच्या दवाखान्यात दोन दिवसांपासून एसी बंद पडलेला. माणसं फायलींनी वारा घेत होती, एक कुत्रा जिभेची लांबी मोजत होता. डॉक्टरबाई आत मांजरीच्या ऑपरेशनमध्ये. "पाऊण तास लागेल," कंपाउंडर म्हणाला. थंडोबा बाकावर बसले, शेजारी टोपली, आणि पलीकडे मांडीवर ससा घेतलेल्या एक बाई.

पंधरा मिनिटं गेली असतील. बाई किंचाळल्या.

"अहो! तुमचं कासव माझ्या सशाचा डबा खातंय!"

थंडोबांनी बघितलं. तुफान टोपलीतून मान गजभर बाहेर काढून बाईंच्या डब्यातला पाला कराकरा चावत होता. एक पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्याचं देठसुद्धा सोडलं नाही!

"खातोय! खातोय हो!" थंडोबा बाकावरून उठून ओरडले. "खाऊ द्या त्याला! बाई, तुमचे उपकार मी फेडणार नाही!"

"फेडणार नाही काय? ससा काय खाईल?"

"सशाला मी घास भरवीन, स्वतःच्या हाताने!" त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. कन्येने शूटिंग करून आत्याला पाठवलं. पलीकडून हात जोडलेलं चित्र तेवढं आलं.

आनंदाने माणसं काय वाटेल ते करतात. थंडोबांची नजर भिंतीवरच्या बंद एसीकडे गेली. ज्या जागेने तुफानाला जीवदान दिलं, तिथे लोकांनी असं शिजावं? हत्यारांची पिशवी स्कूटरच्या डिकीत होतीच. कन्या "बाबा, राहू दे ना" म्हणेपर्यंत ते स्टुलावर चढले होते. जाळी काढली, झाडली, एक वायर जोडली, कुठेतरी फुंकर मारली, आणि गार झोत थेट बाकावर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याने जीभ आत घेतली. थंडोबांनी सवयीने रिमोटचा आकडा खाली आणत आणत अठरावर टेकवला आणि कृतार्थ होऊन बसले.

नंबर लागेस्तोवर अर्धा तास गेला. आत जाऊन त्यांनी ऐटीत टोपली टेबलावर ठेवली. "डॉक्टर, उगाच त्रास दिला तुम्हाला. आता बघा कसा मजेत..."

तुफानाने पुन्हा दुकान बंद केलं होतं.

"हा आत्ता खात होता!" थंडोबांचा आवाज चिरकला. "विचारा त्या सशाला!"

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी कवचावर हात ठेवला, दरवाजातून येणाऱ्या गार झुळकेकडे बघितलं, मग थंडोबांच्या हातातल्या पान्याकडे.

"एसी तुम्ही सुरू केलात?"

"हो! पैसे नकोत हं."

"घरी याच्या खोलीत एसी आहे?"

"अर्थात! एकदम नवा! सोळावर ठेवलाय!"

"आणि खात नाही म्हटल्यावर तुम्ही काय केलंत?"

थंडोबा उत्तर द्यायला तोंड उघडून बसले. सतरा आणि सोळा हे आकडे ओठांपर्यंत आले आणि तिथेच गोठले.

"याला आपल्यासारखी आतून ऊब नसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेरून मिळेल तेवढीच. थंडीत खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो शहाणा खातच नाही. आजार काही नाही त्याला." त्यांनी थंडोबांकडे बघितलं. "त्याला नाही."

त्यांनी कोपऱ्यातली एक पेटी दाखवली. वर दिवा, खाली एक छोटं कासव, भोपळ्याच्या फोडीवर तुटून पडलेलं. "हे कुणीतरी टाकून दिलेलं. बघा, उबेत कसं जेवतंय. तुमच्याला रोज कोमट पाण्यात बसवा, थोडंच पाणी, हनुवटीपर्यंत. आणि एसी बंद."

"त्याच्या खोलीतला?"

"घर केवढं आहे?"

"तीन खोल्या."

"मग घरातला."

त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या घराच्या खिडक्या उघडल्या. एक तर उघडेचना. तिला हत्याराने समजवावं लागलं. तुफान परातीत कोमट पाण्यात बसला आणि घर त्याच्याभोवती. संध्याकाळी त्याने डोकं बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी अर्धी काकडी खाल्ली, तिसऱ्या दिवशी थंडोबांच्या चपलेचा पट्टा चाखून बघितला. अकरा वाजता ताईने ते सगळं दोऱ्याशिवाय पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, जीव घेतलास माझा." हे कुणाला उद्देशून होतं, ते दोघांनीही विचारलं नाही. थंडोबा भिंतीला टेकून खाली बसले आणि कितीतरी वेळाने त्यांनी पूर्ण श्वास सोडला.

तेवढ्यात न्हाणीघरातून बायकोची आरोळी आली. "अहो! अहो, तेल पातळ झालं!"

ती बाटली उपडी धरून उभी होती आणि हसत होती. शाल कुठे दिसत नव्हती.

आता एसी बंदच राहणार, तर झाकून ठेवू म्हणून थंडोबांनी पाहुण्यांच्या खोलीतल्या यंत्राचं झाकण काढलं. चार घड्यांचा कागद टपकन तुफानाच्या पाठीवर पडला. बायकोने उचलला, उलगडला आणि मोठ्याने वाचला.

"'एसी बंद ठेव. तुला ओळखते म्हणून पहिल्या ओळीत लिहितेय. काही अडलं तर बायकोचं ऐक.'"

"पुढे?" थंडोबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पुढे काकडी किती द्यायची ते आहे. तुमच्या कामाचं एवढंच."

तीन आठवड्यांनी ताई स्वतःच्या पायांनी आली. तुफानाने तिचा आवाज ऐकला आणि निघाला. पंधरा मिनिटांनी तिच्या पावलाशी पोचला. ताई तोवर उभीच होती, गुडघा दुखत असूनही. मग ती टोपली घेऊन गेली आणि घर एकदम रिकामं झालं. थंडोबा उशीरपर्यंत दाराशी उभे राहिले. मग, कुणी बघत नाहीसं बघून, रिमोट शोधायला लागले.

रिमोट सापडला नाही. त्याच्या जागी भिंतीवर ताईचा कागद चिकटवलेला होता. आणि बाहेरच्या दारातून बायको आणि कन्या आत येत होत्या, दोघींच्या हातांत मिळून एक पेटी.

"डॉक्टरबाईंकडचं," बायको म्हणाली. "बिचाऱ्याला कुणी नव्हतं हो."

थंडोबांनी आत डोकावून पाहिलं. छोट्या कासवाने भोपळा चावता चावता त्यांच्याकडे पाहिलं.

"किती जगतं गं हे?"

"अहो, अजून पोर आहे ते," बायको लाडाने म्हणाली. "साठ-सत्तर वर्षं तरी कुठे जात नाही!"

थंडोबा पन्नाशीला टेकले होते. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, खुंटीवरचा स्वेटर कपाटात टाकला आणि मुकाट्याने पंखा पुसायला घेतला.